सीडी आधी, पेशंट मागून: सुईने होणाऱ्या कॅन्सर ट्रीटमेंटला घरच्यांनी काय तयारी करायची

आमच्या कोपरखैरण्यातल्या बिल्डिंगमधून आणि सासऱ्यांच्या मार्केटमधल्या ओळखीतून आतापर्यंत चार-पाच जणांनी मला हेच विचारलंय, की अण्णांचं ते न कापता केलं ना, ते नक्की काय असतं आणि आम्ही काय करायचं. दर वेळी फोनवर अर्धा तास जातो आणि तरी काहीतरी सांगायचं राहतंच, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढते. मी डॉक्टर नाही, सून आहे. दोन वर्षं फाईल सांभाळली एवढीच माझी डिग्री. त्यामुळे औषधाचं, डोसचं जे काय असेल ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, मी फक्त काय विचारायचं ते सांगते.

अण्णा वाशीच्या एपीएमसीत, कांदा-बटाटा मार्केटला माथाडी होते. माळकरी माणूस, दारूचा थेंब नाही. हिपॅटायटिस बी कधीतरी होऊन बसलेला, कुणालाच पत्ता नाही, त्यातून सिरॉसिस, म्हणजे लिव्हर कडक होऊन आकसणं, आणि त्यातून लिव्हरमध्ये कॅन्सरची गाठ. अजूनही भेटायला येणारा प्रत्येक जण बाहेर जाताना हळूच विचारतो, "पीत होते का हो?" आता मी सरळ सांगते, नाही, आणि तुमची एचबीएसएजी टेस्ट करून घ्या. घरात एकाला हिपॅटायटिस बी निघाला तर बाकी सगळ्यांनी ती टेस्ट करायचीच, निगेटिव्ह आली तर डॉक्टरांना विचारून लस घ्यायची. आमच्या घरी सगळ्यांनी केली, नवरा सोडून, त्याला ओढत न्यावं लागलं.

आता मुद्द्यावर. ही ट्रीटमेंट जे डॉक्टर करतात त्यांना इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट म्हणतात, हॉस्पिटलमध्ये नुसतं "आयआर" चालतं. आधी मला वाटायचं रेडिओलॉजिस्ट म्हणजे अंधाऱ्या खोलीत पोटावर जेल फासून सोनोग्राफी करणारे. हे डॉक्टर पोट उघडत नाहीत, सोनोग्राफी, सीटी नाहीतर कॅथलॅबमधल्या सतत चालू राहणाऱ्या एक्सरेच्या स्क्रीनवर बघत बघत सुई किंवा बारीक नळी थेट गाठीपर्यंत नेतात. सर्जन उघडून डोळ्यांनी बघतो, ह्यांचे डोळे म्हणजे ती चित्रं. ही एक गोष्ट डोक्यात नीट बसली की निम्मी तयारी काय करायची ते आपोआप कळतं.

म्हणून पहिलं काम स्कॅनची सीडी. रिपोर्टचा कागद नाही, सीडी. आम्ही काय केलं, रिपोर्ट लॅमिनेट करून (हो, लॅमिनेट) आणि मोठ्या फिल्म पिशवीत घालून ठाण्याहून फास्ट लोकल पकडून मुंबईला गेलो, तीन तास नंबर लावला, आणि आत डॉक्टरांनी सीडी कॉम्प्युटरला लावली तर त्यात चार-पाच फोटो आणि सेंटरची जाहिरात. सगळ्या स्लाइस नाहीतच. डॉक्टर चिडले नाहीत, पण म्हणाले, ह्याच्यावर मी सुई कुठून घालायची ते नाही ठरवू शकत. झालं, परत घरी, दुसऱ्या दिवशी स्कॅन सेंटरला, तिथला मुलगा म्हणतो आम्ही सगळ्यांना हेच देतो. तर सेंटरवाल्याला शब्द नीट वापरून सांगा, "पूर्ण डायकॉम डेटा हवाय, सगळ्या फेजचा." डायकॉम म्हणजे स्कॅनच्या मूळ फाइली, फेजचं पुढे सांगते. घरी येऊन लॅपटॉपला लावून बघा, शेकडो फाइली दिसल्या पाहिजेत. रिपोर्टचा मोबाईलने काढलेला फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून ओपिनियन मागू नका, फिल्मचा तर अजिबात नाही, त्यात त्यांना काही दिसत नाही.

आणि लिव्हरचा सीटी असेल तर तो ट्रायफेजिक असायला हवा, म्हणजे डाय (स्कॅनमध्ये चमकणारं औषध, शिरेतून देतात) सोडल्यावर ठरावीक वेळाने पुन्हा पुन्हा काढलेला, त्यातली प्रत्येक वेळ म्हणजे एक फेज. लिव्हरची ती गाठ आर्टरीच्या फेजला चमकते आणि नंतरच्या फेजला तिच्यातला डाय आधी निघून जातो, हाच तिचा ठसा. सिरॉसिसच्या पेशंटमध्ये हा ठसा स्पष्ट दिसला की बऱ्याचदा बायोप्सीसुद्धा करत नाहीत. आम्हाला हे माहीत नव्हतं, आमच्या घरात आठवडाभर भांडण, बायोप्सी न करता कॅन्सर म्हणतातच कसे म्हणून. बाकी अवयवांच्या गाठींना मात्र बायोप्सी लागतेच बहुतेक.

कशी करतात, थोडक्यात

ढोबळ दोन रस्ते. एक, बाहेरून सुई थेट गाठीत घालून गाठ जागच्या जागी मारायची, ह्याला अ‍ॅब्लेशन म्हणतात. रेडिओफ्रिक्वेन्सी आणि मायक्रोवेव्ह हे दोन्ही भाजणारे प्रकार, 60 डिग्रीच्या वर गेलं की पेशी टिकत नाही. मायक्रोवेव्ह जास्त गरम होतं आणि लवकर होतं, आणि गाठीशेजारी मोठी रक्तवाहिनी असेल तर तिथलं वाहतं रक्त सुईची उष्णता पळवतं, तो त्रास ह्यात कमी. तिसरा प्रकार क्रायो, आर्गॉन गॅसने सुईचं टोक गार करून गाठीचा बर्फ करायचा, उणे 40 च्या खाली, मग वितळवायचा, परत गोठवायचा. किडनीच्या छोट्या गाठींना क्रायो वापरतात, बर्फाचा गोळा सीटीवर दिसतो हा त्याचा फायदा. अ‍ॅब्लेशनचं गणित साइजवर आहे. लिव्हरमध्ये 3 सेंटीमीटरपर्यंतची गाठ असेल तर रिझल्ट सगळ्यात चांगला, त्याच्यापुढे जसजशी मोठी तसतसं कडेला काहीतरी जिवंत राहायची भीती. म्हणून रिपोर्टमध्ये साइज बघून ठेवा आणि दिवस घालवू नका.

दुसरा रस्ता रक्तवाहिनीतून, अण्णांचं पहिलं हेच झालं, टेस म्हणतात त्याला. ह्याची युक्ती मला पाण्याच्या लाइनीवरून कळली. लिव्हरला रक्ताच्या दोन लाइनी असतात. तीन चतुर्थांश रक्त पोर्टल व्हेनमधून, ही समजा आपली मोरबे धरणाची मोठी लाइन. बाकी पाव हिस्सा हिपॅटिक आर्टरीतून, ही टँकरची. गंमत अशी की निरोगी लिव्हर मोरबेवर जगतं आणि ही गाठ जवळपास सगळी टँकरवर पोसलेली असते. मग जांघेतून किंवा मनगटातून नळी घालून त्या टँकरच्या फांदीपर्यंत जायचं, तिथे केमोचं औषध सोडायचं आणि मागून बूच मारायचं. गाठ उपाशी, लिव्हर बऱ्यापैकी शाबूत. ह्यावरूनच तुमच्या लक्षात येईल की मोठी लाइनच तुंबलेली असेल तर टँकर बंद करणं धोक्याचं. तेव्हा डॉक्टरांना हा प्रश्न जरूर विचारा, "पोर्टल व्हेन मोकळी आहे का?" आमच्या डॉक्टरांनी हा प्रश्न ऐकून मला विचारलं तुम्ही नर्स आहात का.

अण्णांचं म्हणणं, हे नवीन काहीतरी आहे, माझ्यावर प्रयोग करतायत. तर नवीन नाही. सुई, तिच्यातून तार, तारेवरून नळी ही पद्धत सेल्डिंगर नावाच्या स्वीडिश डॉक्टरने 1953 साली काढली, आपली सगळ्यांची अँजिओग्राफी त्याच्यावरच चालते. आणि टेसने आयुष्य वाढतं हे बार्सिलोना आणि हाँगकाँगच्या दोन ट्रायल्सनी 2002 साली दाखवलंय. अँजिओग्राफीचं नाव काढल्यावर अण्णा गप्प झाले, कारण मार्केटमधल्या निम्म्या लोकांची झालीय.

ह्याच रक्तवाहिनीच्या रस्त्याने आणखी एक असतं, टेअर, त्यात बुचाऐवजी किरणोत्सारी बारीक मणी सोडतात, यिट्रियम-90 चे. त्याची हाफ-लाइफ 64 तास, तेवढ्यात त्याची ताकद निम्मी होते, म्हणजे डोस तुमच्या तारखेसाठीच मागवलेला असतो, तारीख चुकवून चालत नाही. आधी एक रंगीत तालीम होते, खोटे मणी सोडून बघतात की फुप्फुसाकडे गळती तर होत नाही ना. बाहेरदेशचे मणी भयंकर महाग पडतात, आपल्या बीएआरसीनेही स्वतःचे बनवलेत, भाभास्फिअर नावाचे, ते तुमच्या हॉस्पिटलात मिळतात का विचारून बघा. (वाशीत ब्रिटचं, म्हणजे अणुऊर्जा खात्याच्या आयसोटोप पुरवणाऱ्या संस्थेचं, ऑफिस आहे, तिथून देशभर असली किरणोत्सारी द्रव्यं जातात. मी कितीतरी वर्षं त्या बाजूने ये-जा केली, मला वाटायचं सरकारी क्वार्टर्स आहेत.) खारघरच्या, टाटा हॉस्पिटलच्या अ‍ॅक्ट्रेकला प्रोटॉन मशीन आहे ते ह्यातलं नव्हे हां, ते बाहेरून दिलेलं रेडिएशन, बरेच जण गोंधळ करतात.

ओपीडीत काय विचारायचं

सगळ्यात आधी हे, की ही ट्रीटमेंट गाठ संपवायला करताय की थोपवायला. हा प्रश्न विचारायला जड जातो, पेशंट शेजारी बसलेला असतो, तरी विचारा, बाहेर येऊन विचारा. छोट्या गाठीचं अ‍ॅब्लेशन हे संपवायला असू शकतं. टेस बहुतेक वेळा थोपवायला, आणि एकदा करून भागत नाही, परत परत करावी लागू शकते. कधी टेसने आधी गाठ आटोक्यात आणायची आणि मग अ‍ॅब्लेशन, आमचं तसं झालं. मग विचारा की सर्जन आणि कॅन्सरच्या डॉक्टरांनी ही केस एकत्र बसून बघितलीय का, ट्यूमर बोर्ड म्हणतात, कुठे जॉइंट क्लिनिक म्हणतात. एकाच डॉक्टरने एकट्याने ठरवलं असेल तर मी तरी दुसरीकडे सीडी दाखवेन. कधीकधी कापणं किंवा ट्रान्सप्लांट हाच जास्त चांगला रस्ता असतो आणि पेशंट "टाके नकोत" म्हणून सुईच्या मागे लागतो, हे पण मी पाहिलंय.

आणि लिव्हर झेपेल का ते. बिलिरुबिन, अल्ब्युमिन, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते), पोटात पाणी आहे का, शुद्ध कशी आहे, ह्यावरून चाइल्ड-प्यू स्कोअर काढतात, ए बी सी, सी सगळ्यात वाईट. सी असेल तर टेस बहुतेक करत नाहीत, गाठ मरेल पण लिव्हर बसेल.

आदल्या आठवड्यात

गोळ्यांची यादी करा, सगळ्या, काढे आणि बुवाने दिलेल्या पुड्यांसकट. सगळ्यात महत्त्वाच्या रक्त पातळ करणाऱ्या, इकोस्प्रिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिन वगैरे. काही पाच-पाच दिवस आधी थांबवाव्या लागतात, पण हार्टमध्ये स्टेंट असेल तर आपल्या मनाने एकही थांबवायची नाही, हार्टच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणायची. डायबेटिसच्या गोळ्यांचं आणि इन्शुलिनचं वेगळं विचारा कारण पेशंट उपाशी असणार, मेटफॉर्मिनचं तर खास विचारा, डाय आणि किडनीचा त्यात संबंध असतो. क्रिएटिनिन, प्लेटलेट, आयएनआर हे रिपोर्ट ताजे लागतात. आधी कधी डायची अ‍ॅलर्जी झाली असेल, पेसमेकर असेल, तर ते फॉर्मवर मोठ्या अक्षरात. उपाशी किती वेळ ते हॉस्पिटलवाले लिहून देतात, साधारण जेवण सहा तास आधी बंद, आणि चहा-बिस्कीट हे जेवणच धरतात बरं का. एकाची तारीख ह्या पार्ले-जीपायी पुढे गेलेली मी बघितलीय.

पैशाचं. एस्टिमेट हातात आलं की एकच ओळ शोधा, सुई किंवा प्रोबची किंमत आत धरलीय का. ती एकदाच वापरायची असते आणि बिलाचा मोठा भाग तीच खाते. मेडिक्लेम असेल तर प्री-ऑथ, म्हणजे कंपनीच्या मंजुरीचा अर्ज, आधी टाका आणि पेशंट एका दिवसात घरी जाणार असेल तर पॉलिसीत डे-केअरमध्ये हे बसतं का ते लेखी घ्या. महात्मा फुले योजनेसाठी हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राचा काउंटर असतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्याच्याकडे, कुठलं प्रोसीजर कुठल्या पॅकेजमध्ये बसतं ते तोच सांगणार. मुख्यमंत्री सहायता निधी, सिद्धिविनायक ट्रस्ट ह्यांचे अर्जसुद्धा बिल भरायच्या आधी, नंतर नाही.

त्या दिवशी

टेसला अण्णा जागेच होते. जांघेत लोकलचं इंजेक्शन, मग नुसतं दाबल्यासारखं कळतं, डाय सोडला की पोटात गरम लाट जाते, ती घाबरण्यासारखी नाही, आधी सांगून ठेवा. अ‍ॅब्लेशनला मात्र भूल दिली. एकदा सुई जागेवर बसली की भाजायला मिनिटंच लागतात, वेळ सगळा सुई जागेवर न्यायला जातो, थोडी सरकवा, सीटी, थोडी सरकवा, परत सीटी. म्हणून बाहेर दोन-अडीच तास झाले तरी जीव टांगू नका.

खरी परीक्षा नंतरची. जांघेतून केलं असेल तर पाय सरळ ठेवून पाच-सहा तास पडून राहायचं, वाकवायचा नाही, उठायचं नाही, लघवीसुद्धा पलंगावर. अण्णांच्या जांघेवर सिस्टरने वाळूची छोटी पिशवी ठेवली, रक्त येऊ नये म्हणून. अण्णा तिच्याकडे बराच वेळ बघत होते. मग मला म्हणाले, "सूनबाई, जन्मभर गोणी वाहिली मी, आणि आता एवढीशी गोणी मला उठू देईना." माझा हात आपोआप त्यांच्या गुडघ्यावरच होता, कारण झोप लागली की पाय वाकतो. तर एक माणूस फक्त पायाकडे बघायला ठेवा, वाकडा स्ट्रॉ आणि घरचं युरिन पॉट न्या, लाजाळू पेशंट असेल तर घरी एकदा पडल्या पडल्या लघवी करून बघायला सांगा, हसू नका, तिथे होत नाही म्हणून शेवटी नळी घालावी लागते. मनगटातून केलं तर हा सगळा खटाटोप वाचतो, सगळीकडे सगळ्यांना जमत नाही पण विचारायला काय जातंय.

घरी जाताना लोकल नको. तपासणीला येता-जाता दिव्यांगांचा डबा चालतो, कॅन्सर पेशंटला त्यात परवानगी आहे, हॉस्पिटलचा कागद जवळ ठेवा. पण प्रोसीजरनंतर गाडी, पोटावर उशी धरून, आणि ठाणे-बेलापूर रोडवर ड्रायव्हरला सांगा बाबा खड्डे बघून चालव.

घरी आल्यावर

टेसनंतर ताप, उजव्या बाजूला दुखणं, मळमळ, जेवण नको, असं काही दिवस, कधी आठवडा चालतं. मेलेली गाठ शरीर आवरतंय त्याचा तो ताप. आम्ही दुसऱ्या रात्री 101 बघून रिक्षा करून कॅज्युअल्टीला गेलो आणि परत आलो. पण थंडी वाजून ताप, ताप कमी होऊन परत चढणं, डोळे पिवळे होत जाणं, पोट फुगणं, काळी डांबरासारखी शी, बरळणं किंवा दिवसभर झोपून राहणं, जांघेत फुगवटा किंवा पाय गार पडणं, ह्यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. दुखतंय म्हणून मेडिकलमधून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक आणून देऊ नका, सिरॉसिसच्या पेशंटला ते महागात पडतं, पॅरासिटॅमॉलसुद्धा डॉक्टर सांगतील तेवढीच. फुप्फुसाची बायोप्सी किंवा अ‍ॅब्लेशन झालं असेल तर अचानक दम लागणं, छातीत कळ, हे धोक्याचं, हवा बाहेर सुटून फुप्फुस दबू शकतं, म्हणून तर नंतर एक्सरे काढल्याशिवाय सोडत नाहीत.

कुणाला पित्त बाहेर काढायला नळी घातली असेल, पीटीबीडी म्हणतात, तर तिची पिशवी घरी तुम्हालाच सांभाळायचीय. पिशवी नेहमी कमरेच्या खाली, झोपताना नळीवर अंग नको, रोज किती मिली आणि रंग कसा ते वहीत लिहा, सलाइनने फ्लश करायला सिस्टरसमोर एकदा स्वतः करून बघा आणि मगच डिस्चार्ज घ्या. पिशवी अचानक कोरडी आणि थंडी-ताप, म्हणजे नळी तुंबली किंवा सरकली, ताबडतोब निघा. शेजारच्या काकूंची नळी शर्टाच्या बटणात अडकून निघाली, तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, कुर्ता घाला, बटणं नकोत.

महिन्याभराने सीटी होतो, आणि इथे घरोघरी रडारड होते. अ‍ॅब्लेशनच्या आधी रिपोर्टमध्ये अण्णांची गाठ 2.4 सेंटीमीटर, नंतरच्या रिपोर्टमध्ये 4 सेंटीमीटरचा डाग. नवऱ्याने रिपोर्ट लोकलमध्येच उघडला आणि घणसोली येईपर्यंत त्याचा चेहरा पांढरा. अहो, तो डाग म्हणजे भाजलेली जागा. गाठीच्या चहूबाजूंनी अर्धा ते एक सेंटीमीटर चांगलं लिव्हर मुद्दाम जाळतात, कडेला काही राहू नये म्हणून, तर डाग मोठा दिसणारच, मोठाच पाहिजे. बघायचं ते हे, की त्या डागात किंवा कडेला डाय चमकतोय का. काही चमकत नसेल तर चांगलं, चमकत असेल तर तेवढी जिवंत आहे, परत करतील. नंतर दर तीन महिन्यांनी सीटी किंवा एमआरआय, कारण सिरॉसिसच्या लिव्हरमध्ये दुसरीकडे नवीन गाठ उगवू शकते.

आणि प्रत्येक वेळी जुनी सीडी न्यायची, नवीन एकटी नाही, ते दोन्ही शेजारी लावून बघतात. सीडीवर तारीख लिहायची ती मार्करने, बॉलपेनने नाही, आमच्या एका सीडीवर पेनाने चरा पडला आणि ती उघडलीच नाही. आता सगळ्यांची कॉपी नवऱ्याच्या पेनड्राइव्हवर आहे, आणि पेनड्राइव्ह अण्णांच्या कपाटात, माळेच्या डबीत.